पेन्शन जागच्या जागी

नोव्हेंबरात कराडच्या एका सेवा केंद्रात बसलो होतो. साखर कारखान्यात बॉयलिंग हाऊसला जन्म काढलेले एक आण्णा हयातीचा दाखला द्यायला आले होते. अंगठा मशीनवर उमटेना. केंद्रातल्या पोरानं तो पुसून घेतला, दहाही बोटं लावून पाहिली आणि शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून काम झालं. जाताना आण्णांनी पासबुक माझ्यापुढं धरलं. महिन्याला १,९४२ रुपये. २०१२ साली रिटायर झाले तेव्हा पहिल्या महिन्यालाही एवढेच जमा झाले होते.

हा आकडा येतो कुठून? ईपीएस-९५ ही कर्मचाऱ्यांची पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं तिचं सूत्र. आण्णा रिटायर झाले तेव्हा हातात पगार कितीही पडत असला, तरी सर्वसाधारणपणे धरला जायचा ६,५०० पर्यंतच. सतरा वर्षांचे होतात १,५७८. वर १९७१ च्या जुन्या योजनेतल्या सेवेचे काही रुपये. सप्टेंबर २०१४ पासून ही मर्यादा १५,००० झाली, पण आण्णा तोवर घरी बसले होते.

आकडा लहान आहे, पण तो हलत नाही हे मला जास्त गंभीर वाटतं. आण्णांच्याच गल्लीत रयतच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी राहतात. जुन्या पेन्शनमुळं त्यांना महागाई भत्ता मिळतो, भाव चढले की त्यांची पेन्शनही चढते. ते योग्यच आहे. मग सांगलीच्या कारखान्यातल्या फिटरला आणि साताऱ्याच्या एसटी कंडक्टरला तेच का मिळू नये?

निवृत्तीनंतर पैसा पुरेल का, यावर जगभर भरपूर संशोधन झालं आहे. अमेरिकेतले विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली जुन्या बाजाराचे आकडे लावून पाहिले. पहिल्या वर्षी पुंजीच्या चार टक्के काढा, पुढं दर वर्षी महागाईइतकी वाढ करत जा, पुंजी तीस वर्षं पुरते, असा त्यांचा निष्कर्ष. तो चार टक्क्यांचा आकडा अमेरिकेचा, आपल्याकडं तसाच लावू नये. पण त्यांनी हिशेब मांडला तो दर वर्षी वाढणाऱ्या खर्चाचा, आणि आपल्याकडं नेमकं तेच राहून जातं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज दहा लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला येणारे २०,५०० रुपये बारा वर्षांनी निम्म्या किमतीचे.

पेन्शन पुरत नाही म्हणून माणूस फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे अर्धा-एक टक्का जादा देणाऱ्याच्या दारात नेतो. ओळखीचा मॅनेजर, गावातली पतसंस्था. कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांचे पूर्ण पैसे विम्यातून मिळतील, असं तेव्हा सांगितलं गेलं. पण मधली तीन वर्षं? सत्तरीच्या माणसाला तीन वर्षं फार असतात. आता कायदा बदलला आहे, नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात, तेही एका बँकेत पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. हे वाक्य प्रत्येक निरोप समारंभात नारळ देण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

यंदा रिटायर होणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. फंडाचा पैसा आला की स्लॅब आणि लग्न याआधी एक रक्कम बाजूला काढा. ती पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. व्याज सगळं खाऊ नका, थोडं परत वेगळ्या ठेवीत गुंतवा. तुमची पेन्शन वाढणार नाही, म्हणून हे पैसे वाढले पाहिजेत.

आणि सातारा-सांगलीच्या खासदारांना विचारत राहा. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनं २०१३ मध्येच किमान पेन्शन ३,००० करा, असं सांगितलं होतं. सप्टेंबर २०१४ पासून मिळाले ते हजार. त्यानंतर त्या हजारात एक रुपयाची भर पडलेली नाही.