चाळिसाव्याच्या तीन देगा आणि 15 वर्षांची अट

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय येते, ते सांगायला नको. मास्क लावलेले, केस गेलेले एखादे मूल, खाली खाते क्रमांक आणि 'जकात चालेल' ही ओळ. आपण पैसे टाकतो, मेसेज पुढे पाठवतो. दोन वर्षांपूर्वी त्या फोटोत माझी भाची होती. घाटकोपरच्या आमच्या मोहल्ल्याने भरभरून दिले. उपचार झाले, पण ब्लड कॅन्सर परतला. ती गेली तेव्हा सहा वर्षांची होती.

चाळिसाव्याला तीन देगा चढवायचे ठरले. मी म्हणालो, एकच चढवू. दोन देगांचे पैसे तिच्या नावाने मुलांच्या कॅन्सरवरील संशोधनाला देऊ. घर गप्प झाले, मग एकेक जण बोलू लागला. ते आक्षेप फक्त आमच्या घरचे नाहीत, म्हणून इथे घेतो.

पहिला आक्षेप : यात सवाब कुठला? सहीह मुस्लिममधली हदीस आपण सगळे मदरशात शिकलो. माणूस गेला की त्याचे अमल थांबतात, तीन गोष्टी चालू राहतात : सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगाचे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. सहा वर्षांच्या मुलीमागे औलाद नसते. पहिल्या दोन गोष्टी तिच्या नावाने आपणच करू शकतो, आणि संशोधन या दोन्हींत बसते. बिर्याणी त्या दुपारी संपते.

दुसरा आक्षेप : जकात संशोधनाला चालत नाही. बरोबर. बहुतेक उलेमांच्या मते जकात गरजूच्या हाती, त्याच्या मालकीची व्हायला हवी. म्हणून जकात रुग्णालाच द्या. मी मागतोय ते लिल्लाहचे, सदक्याचे आणि देगांचे पैसे. त्यांना ही अट नाही.

तिसरा आक्षेप : हे सरकारचे नाहीतर टाटांचे काम. मग टाटांनी ते कसे सुरू केले तेही पाहू. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी पत्नीच्या नावाने ट्रस्ट काढला, तो ल्युकेमियावरील संशोधनासाठी. परळचे टाटा मेमोरियल 1941 मध्ये, त्यानंतर उभे राहिले. आपल्याकडे टाटांइतका पैसा नाही, असे म्हणाल. अमेरिकेत 1957 मध्ये लेबनॉन-सीरियातून आलेल्या कुटुंबांनी संघटना बांधली आणि वर्गणी गोळा करून मेम्फिसला 1962 मध्ये सेंट ज्यूड हे मुलांचे संशोधन रुग्णालय चालू केले. तेव्हा मुलांच्या सर्वांत नेहमीच्या ब्लड कॅन्सरमध्ये शंभरातली चारेक मुले वाचत. आज तिथे नव्वदहून अधिक वाचतात. स्थलांतरितांचा एक छोटा समाज हे करू शकला. आणि आपण? भाषणात अल-राझीचे नाव घेतो, त्याने देवी आणि गोवर वेगळे ओळखले म्हणून छाती फुगवतो. नव्या संशोधनासाठी वर्गणी मागितली की मात्र खिशात हात जात नाही.

चौथा आक्षेप सर्वांत जड : आधी समोरचे आजारी मूल, मग संशोधन. याला उत्तर बाजीनेच दिले. ती म्हणाली, "माझ्या लेकीला जी औषधं दिली, ती आधी कुणाच्या तरी लेकराला देऊनच कळली ना?" खरे आहे. 1980च्या दशकात मुंबई, दिल्ली आणि चेन्नईच्या डॉक्टरांनी या आजारासाठी एकच उपचारपद्धती ठरवली आणि हजारावर रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. त्याआधी पाचातले एखादे मूल वाचे, त्यानंतर जवळपास निम्मी वाचू लागली. त्या नोंदींत कोणाची मुले होती, कोणत्या धर्माची, हे आपण विचारले नाही. फायदा घेतला. आता आपली पाळी आहे.

काम अजून किती उरले आहे, हे पाहायला घाटकोपरहून लांब जायला नको. पवईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये मिळून रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याचा देशी उपचार तयार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात तो होतो. पण मंजुरी मिळाली ती 15 वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी. लहान मुलांसाठी वेगळ्या चाचण्या लागतात, त्यांना वर्षे लागतात आणि पैसा लागतो. माझी भाची सहा वर्षांची होती.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रोज तीच तक्रार येत असेल तर एकेकाचे काम निपटून आम्ही थांबत नाही, मुळाशी जातो. कॅन्सरच्या बाबतीत आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या फक्त तक्रारी निपटतो आहे.

आमच्या घरी शेवटी एकच देग चढली. तुमच्या घरी चाळिसावा असेल, बरसी असेल, तर मोठ्यांशी भांडू नका, हिशोब मांडा. तीनातली एक देग कमी करा. देणगी देताना ती संशोधनासाठीच आहे असे लेखी द्या, मयताचे नाव लिहा, पावती घ्या आणि रक्कम कुठे लागली ते वर्षाने विचारा. मशिदीच्या ट्रस्टलाही सांगा : रमजानमध्ये एक जुम्याची लिल्लाह यासाठी काढा.

पुढच्या रमजानमध्येही तो मेसेज येईल, मूल दुसरे असेल. त्याला पैसे द्याच. पण तेवढ्यावर थांबलात तर त्यापुढच्या रमजानमध्येही हाच मेसेज येणार आहे.