बैल झोळीत मावत नाही

आवणीच्या तोंडावर बैल आजारी पडला, की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर घरातलं माणूस अंथरुणाला खिळल्यासारखी काळजी पसरते. माणूस आजारी असेल आणि रस्ता नसेल, तर त्याला झोळी करून खाली आणतात. बैल झोळीत मावत नाही. त्याच्यापर्यंत डॉक्टरनेच पोहोचावं लागतं, आणि घटसर्प तर एका दिवसातही जनावराचा जीव घेतो.

मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये टाटांचं पाळीव प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. शस्त्रक्रियेचा, दवाखान्याचा खर्च देणारा विमाही आता कुत्र्यासाठी काढता येतो. चांगलीच गोष्ट आहे ही. मग नांगराच्या बैलालाही उपचाराचं संरक्षण का नसावं?

सरकारी अनुदानाचा पशुधन विमा आहे, पण तो मुख्यतः जनावर मेल्यावर कामाला येतो. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचे नियम सोपे केले. हप्त्यातला पशुपालकाचा वाटा आता १५ टक्के. उरलेला भार केंद्र आणि राज्य उचलतात. समजा बैलाचा हप्ता दीड हजार आला, तर मालकाने भरायचे फक्त सव्वादोनशे रुपये. शेळ्या राखणाऱ्या घरांसाठी तर हे फार मोलाचं आहे, कारण अडीअडचणीला पहिली विकली जाते ती शेळीच.

अडतं ते पुढे. दाव्यासाठी कानात बिल्ला हवा, पशुवैद्यकाचा दाखला हवा, शवविच्छेदन हवं. म्हणजे जो डॉक्टर जनावर जिवंत असताना पाड्यावर पोहोचला नाही, त्यानेच ते मेल्यावर वेळेत पोहोचायचं! पावसाळ्यात ओढा भरला की दोन्ही वेळा चुकतात. सरकारी दवाखान्यात शुल्क नाममात्र असतं. खर्च वाढतो तो बाहेरून आणलेल्या औषधांचा, गाडीभाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा. १९६२ या क्रमांकावर फिरतं पथक बोलावता येतं, पण गाडी येते ती रस्ता असेल तिथवरच.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली, तेव्हा राज्याने मोफत लसीकरण केलं आणि मेलेल्या बैलामागे २५ हजार, गाईमागे ३० हजार रुपये मदत दिली. इच्छा असली की यंत्रणा गोठ्यापर्यंत जाते, हे तेव्हा दिसलं.

तीच घाई दरवर्षी मे महिन्यात हवी. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं पावसाआधी पाड्यांवर परततात. त्याच वेळी एकाच फेरीत घटसर्प आणि फऱ्याची लस टोचावी, बिल्ला मारावा, विम्याचा अर्ज भरून घ्यावा. या दोन तालुक्यांसाठी विम्यात तातडीच्या उपचाराची ठरावीक रक्कमही घालावी. पाड्यावरच्या एखाद्या तरुणाला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि मानधन द्यावं. वाघबारशीला ज्या ढोरांसाठी वाघदेवाला साकडं घातलं जातं, त्यांच्या औषधाची पेटी पाऊस लागण्याआधी पाड्यावर पोहोचलेली असावी.