लेझर लहान झाला, प्रयोगशाळेचे काय?

गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र पाहून बाहेर पडलेले पाहुणे मला हमखास विचारतात, ‘रामन यांचा नागपूरशी काय संबंध?’ संबंध आहे, पण औट घटकेचा. वित्त खात्यातले अधिकारी म्हणून १९१० साली ते इथे बदलून आले आणि वर्ष भरायच्या आत बढतीवर कलकत्त्याला गेले. नोबेल मिळवून देणारा शोध तिथे लागला, १९२८ साली.

रामन परिणाम तसा फार क्षीण. कोट्यवधी प्रकाशकणांतला एखादाच रंग बदलून परततो. १९७४ साली इंग्लंडमधील साऊथम्प्टन विद्यापीठात खडबडीत केलेल्या चांदीवर मात्र तो ठळक दिसला. कारण पुढे उलगडले. योग्य रंगाचा प्रकाश पडला की धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावू लागतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का मिळाला की तो चढत जातो, तसे. या सामूहिक हेलकाव्याला प्लाझ्मॉन म्हणतात. त्याच्या जोरावर प्रकाश स्वतःच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान जागेत कोंडता येतो.

नेहमीच्या लेझरला हे जमत नाही. त्याच्या दोन आरशांत निदान अर्धी लहर मावावी लागते. २००३ साली डेव्हिड बर्गमन आणि मार्क स्टॉकमन यांनी सुचवले, की आरसे सोडा, प्लाझ्मॉनचेच वर्धन करा. २००९ साली अमेरिकेत नोगिनोव्ह आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवले. सोन्याचा १४ नॅनोमीटरचा कण, भोवती रंगद्रव्य मुरवलेल्या सिलिकाचे कवच, एकूण व्यास ४४ नॅनोमीटर. प्रकाश मात्र ५३१ नॅनोमीटरचा, हिरवा. लेझर आपल्याच लहरीच्या बाराव्या हिश्शाएवढा! त्याआधी २००८ साली साऊथम्प्टनच्याच झेलुदेव आणि मंडळींनी धातूची इवली कडी ओळीने मांडलेल्या कृत्रिम पदार्थाची, म्हणजे मेटामटेरियलची, कल्पना मांडली होती. साऱ्या कड्यांतले हेलकावे एका तालात आले, तर एकाच दिशेने झोत निघेल, असे त्यांचे गणित.

आता चिपमध्ये तारांऐवजी प्रकाश खेळणार, अशा बातम्या मग येतातच. मला तेवढी घाई नाही. धातू उधळा असतो. हेलकाव्यातली ऊर्जा क्षणार्धात उष्णतेत घालवतो. ती बाहेरून सतत भरून द्यावी लागते. २००९ च्या त्या कणाला चेतवायला दुसरा, कितीतरी मोठा लेझर लागला होता, हे बातमीत क्वचितच येते.

म्हणजे खरा प्रश्न पदार्थांचा आहे, आणि तिथे नागपूरने हात जोडून बसण्याचे कारण नाही. सोने-चांदी दृश्य प्रकाशात चालतात. अतिनील प्रकाशात अॅल्युमिनियम उपयोगी. अॅल्युमिनियमवरच संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८९ पासून आपल्या वाडीत आहे. व्हीएनआयटी आहे, विद्यापीठ आहे. अडते पैशापाशी. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्याच देशाचा संशोधन-विकासावरचा खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. कारखान्यांना माझा विरोध नाही. पण कारखाना ठरलेला माल काढतो, नवा पदार्थ शोधत नाही. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज आहे, पण त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. परताव्याची तारीख विचारणारा उद्योजक प्लाझ्मॉनसाठी थैली सैल करील, यावर माझा विश्वास नाही.

मी शिकवत होतो तेव्हा एका विद्यार्थिनीने सोन्याचे नॅनोकण तयार केले. द्रावण माणकासारखे लाल झाले. इतके बारीक सोने लालच दिसते, तीच प्लाझ्मॉनची खूण. पण कणांचा आकार मोजायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा होता. तो आमच्याकडे नव्हता. नमुना बाहेरगावी पाठवला. पाळी लागली तोवर कण एकमेकांना चिकटले होते आणि बाटलीच्या तळाशी निळसर गाळ बसला होता.