पेटीवरची बोटं

आमच्याकडे पेटी शिकायला येणाऱ्यांत सर्वांत लहान मुलगी सात वर्षांची आहे आणि सर्वांत थोर विद्यार्थिनी एकाहत्तर वर्षांच्या आजी आहेत. दोघींचा पहिला धडा एकच. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर. पांढरी एक धरून सा, रे, ग तीन बोटांनी वाजवायचे आणि मध्यमावर अंगठा खालून आणायचा. छोटीला दोन दिवसांत जमले. आजींचा अंगठा महिनाभर अडून बसला. "ह्यो माझं ऐकत न्हाई बगा मास्तर, थोरल्या पोरावर गेलाय," म्हणाल्या.

मुलांना चुकण्याची लाज नसते. घाई मात्र भारी. मार्च लागला की विचारूच नका. १४ एप्रिलला भीमगीत वाजवायचे असते, मग अलंकार कोण घोटणार?

मोठ्यांचे उलटे. शिरोलीच्या एका फौंड्रीतले एक बंधू पहिली पाळी उरकून येतात. बोटे अशी जाड की एक पट्टी दाबली की शेजारचीही बोलते. यावर उपाय आहे, बोट आडवे न टाकता शेंड्याने दाबावे. भाता इतक्या जोरात ओढीत की आम्ही म्हणायचो, "दादा, हळू, भट्टी पेटवायची नाही." तेही सुधारले. पण रोज रियाज करूनही सूर कच्चेच राहत. शेवटी त्यांच्या पत्नीने गुपित फोडले. हे गृहस्थ घरी भाता बंद ठेवून नुसत्या पट्ट्या दाबत! गल्लीने ऐकले तर या वयात हे काय खूळ म्हणून हसतील, ही भीती. बोटे फिरत होती, कान उपाशी होते.

आयाबहिणींचे तर आणखी वेगळे. मुलांना सोडायला येतात, दाराशी बसतात आणि मुलाच्या आधी धडा यांचाच पाठ होतो. आत या म्हटले तर, "आता आमचं काय वय राहिलंय?" असे म्हणणाऱ्या बाईंचे वय तीस! त्यांना आम्ही केसरबाई केरकरांचे सांगितले. गोव्याची ही मुलगी आठव्या वर्षी आपल्या याच कोल्हापुरात येऊन आठ महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकली. पण खरी तालीम मिळाली ती १९२१ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, शाहू महाराजांच्या दरबारी गायक राहिलेल्या अल्लादिया खाँसाहेबांकडे. पुढे १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर याने अवकाशात सोडली, त्यांतल्या तबकडीवर केसरबाईंचे गाणे आहे. आणि आपल्या बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन हाती धरले होते, तेव्हा त्यांना कुणी वय विचारले होते काय? बाई आता आत बसतात. त्यांचा मुलगा दाराशी गोट्या खेळतो, त्याचे पुढे बघू.

हसणाऱ्यांनी पेटीलाही सोडले नव्हते. तिला मींड घेता येत नाही, ती विलायती आहे, म्हणून १९४० साली रेडिओने तिला बाहेर काढले. १९७१ पासून पुन्हा आत घेतले. मधली तीस वर्षे आपल्या जलशांतून आणि भजनांतून ती वाजतच होती.

फौंड्रीवाले दादा हल्ली रात्री नऊला भाता उघडतात. परवा शेजारच्या मावशींनी त्यांच्याकरवी आम्हाला निरोप धाडला, "मास्तरांना म्हणावं, चौथा सूर अजून चुकतोय."