फुकटची कुंडी

गेल्या आषाढातली गोष्ट आहे. केनवडच्या माझ्या दवाखान्यात संध्याकाळची गर्दी ओसरत आली असताना साठीच्या एक आजी सुनेचा हात धरून आल्या. डोके दुखते, मळमळते, समोरचे धूसर दिसते, अशी तक्रार होती. उपवासाने पित्त झाले असावे, असे निदान सुनेने घरूनच करून आणले होते. मी विजेरीचा प्रकाश डोळ्यांत टाकला, तर दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसलेल्या. तोंडाला लाळ सुटलेली, अंग घामाने निथळत होते. सोयाबीन-तुरीच्या मुलखात आयुष्य काढलेल्या डॉक्टरला हे चित्र ओळखायला वेळ लागत नाही. ‘फवारणीला गेला होता काय?’ मी विचारले.

‘नाही जी, मी तं घरीच होती. कुंड्या कापत होती.’

मुलाने फवारणीनंतर घरामागे टाकलेले कीटकनाशकांचे रिकामे डबे त्यांनी दुपारभर विळ्याने मधोमध कापले होते आणि उघड्या हातांनी विसळले होते. मोगरा, जास्वंद, पानओवा यांच्या फांद्या रुजवून त्या रोपे बाजारात विकतात आणि त्यांना कुंड्या हव्या होत्या. चार वर्षांची नात शेजारी बसून त्या डब्यांची झाकणे एकावर एक रचत होती. आजींचे कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, अट्रोपिनचे इंजेक्शन देऊन मी त्यांना १०८ च्या गाडीने वाशिमला पाठविले. तिसऱ्या दिवशी त्या परतल्या. नातीला मात्र काही झाले नाही. तिलाही मी त्या रात्री तपासले होते, आणि तिच्या बाहुल्या पाहताना माझाच हात थोडा कापत होता, हे कबूल करतो.

बऱ्या झाल्यावर आजींनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ‘रोप वीस रुपयांले इकते मी. कुंडीच चाळीसची भेटते. मंग लावू कशात?’ डबे वापरू नका, असे सांगणे सोपे होते. त्यांची अडचण खरी होती, आणि म्हणूनच हे लेखन.

प्रथम डब्यांविषयी. आपल्याकडे वापरली जाणारी अनेक कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरस गटातली असतात. ती तोंडावाटे आणि श्वासावाटे तर शरीरात जातातच, पण अखंड त्वचेतूनही शिरतात. डबा रिकामा दिसला तरी आतल्या भिंतीला, आट्यांना आणि झाकणाच्या चकतीला औषध चिकटून राहते. तीनदा विसळण्याची जी शिफारस आहे ती डबा नष्ट करण्यापूर्वीची आहे, घरात वापरण्यापूर्वीची नाही. विसळून झाल्यावर डब्याला भोके पाडायची ती याचसाठी, की कुणी तो पुन्हा वापरू नये. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस सापडले. स्वयंपाकाचे तेल त्या विषाच्या डब्यात ठेवले गेल्याचे तपासात पुढे आले. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही.

डब्यावरचा चौकोन पाहण्याची सवय ठेवावी. त्यातला रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्विष, असा समज मी अनेक घरांत ऐकला आहे. तो चुकीचा आहे. बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यांच्या पिशव्याही याच जातीच्या, कारण त्यांच्या आत औषधाची भुकटी असते. जुन्या रंगाचे डबे आणि बॅटऱ्यांची खोकी यांत शिसे असू शकते. खाण्याच्या रोपांसाठी तीही नकोत.

मग लावावे कशात? इथे एक गोष्ट मला एका रोपवाटिकेच्या माळ्याने शिकविली. नुकत्याच मुळे फुटलेल्या फांदीला मोठी कुंडी मानवतच नाही. मुळे इवलीशी आणि माती भरपूर असली, की ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळे कुजतात. म्हणजे चाळीस रुपयांची कुंडी आजींना परवडत नव्हती आणि तिची गरजही नव्हती. चार बाय सहा इंचांची काळी पिशवी पुरते. रोपवाटिकांना लागणाऱ्या या पिशव्या तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत किंवा प्लास्टिकच्या ठोक दुकानांत किलोच्या भावाने मिळतात आणि एका किलोत त्या काहीशे बसतात. चार-पाच जणींनी मिळून एक किलो आणला तर एका पिशवीचा खर्च हिशेबात धरण्याजोगाही उरत नाही. त्याहून स्वस्त हवे असेल तर गोडेतेलाच्या आणि दुधाच्या पिशव्या आहेत. तेलाची पिशवी गरम पाण्याने व साबणाने धुवावी, नाहीतर मुंग्या लागतात. नारळाची करवंटी तर निसर्गानेच कुंडी म्हणून घडविलेली आहे: तिच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने सहज उघडतो.

भोके मात्र सढळ हाताने पाडावीत, तळाला आणि तळाजवळ बाजूलाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. निव्वळ तिच्यात फांदी लावणे म्हणजे तिला बुडविणे. माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे. पेन्सिलीएवढ्या जाडीची, सहा-आठ इंचांची फांदी, खालची पाने काढून, दोन पेरे मातीत जातील अशी लावावी आणि पहिले काही आठवडे सावलीत ठेवावी. शेवग्याला या खटाटोपाची गरज नाही. त्याचा मनगटाएवढा जाड, हातभर लांब सोट पावसाळ्यात सरळ जमिनीत रोवला तरी जगतो. कढीपत्त्याच्या फांद्या रुजविण्याच्या नादी मात्र लागू नये. त्या क्वचितच रुजतात; मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेले पोर मुळासकट काढून लावावे.

आता डॉक्टर म्हणून माझी खरी काळजी. रोपांच्या पिशव्यांखाली आपण ताटल्या ठेवतो. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही. त्याला घरातले असेच स्वच्छ, साचलेले पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून दिल्याने काम भागत नाही, कारण अंडी ताटलीच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी पडले की फुटतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून ताटल्या काथ्याने घासाव्यात, किंवा ताटलीऐवजी वाळू पसरून तिच्यावर पिशव्या ठेवाव्यात. पुदिन्याच्या किंवा मनीप्लांटच्या काड्या बाटलीत रुजवीत असाल तर तिचे पाणी दर तीन दिवसांनी बदलावे. आणि जुन्या टायरमध्ये रोपे लावण्याची जी हौस सध्या आली आहे, ती मला मुळीच पसंत नाही.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर फार सहज वाढतात, म्हणून त्यांचीही रोपे केली जातात. दोन्हींचे सर्व भाग हृदयाला विषारी आहेत. ज्या अंगणात रांगते मूल आहे तिथे ती नकोत.

मातीत काम करणाऱ्यांनी धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. आजींना शेवटची लस कधी घेतली ते आठवतच नव्हते. ती मी त्यांना दिली. त्यांनी मला तेलाच्या पिशवीत लावलेला पानओवा दिला. वीस रुपये पुढे केले तर म्हणाल्या, ‘सुईचे तुमी कुठी घेतले?’ तो दवाखान्याच्या खिडकीत आहे. त्याच्याखाली वाळूच आहे.