दारातला तगादा

पलसाण्याच्या कापडगिरण्यांत राबणारी आपली खानदेशी कुटुंबे पगाराच्या तारखेकडे डोळे लावून असतात. वसुलीवालाही नेमका त्याच दिवशी दारात येतो. परवा एक विद्यार्थी शाळेत आला नाही. घरी गेलो, तर भरदिवसा दार बंद. बिनतारण कर्जाचा हप्ता थकला, म्हणून ‘मंगळसूत्र उतरवून द्या’ असे कोणी त्याच्या आईला दरडावून गेले होते.

त्या माउलीला मी म्हटले, कर्ज फेडणे हे कर्तव्य खरे. अपमान सोसणे नव्हे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमानुसार न्यायालयाच्या हुकुमानेही स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळे करता न येणारे अलंकार जप्त होत नाहीत. मग हुकुमावाचून आलेल्यास तो अधिकार कोठून? सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेनेही २०२२ मध्ये बँकांना बजावले आहे.

म्हणून, वाचकहो, दार लावून घेऊ नये. ओळखपत्र पाहावे, झेपेल तेवढाच हप्ता लेखी मागावा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

कर्ज अद्याप फिटलेले नाही. मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात होता.