पावणेसहानंतरचं अंदमान

सहलीहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात, 'काय काय पाहिलंत?' आणि दुसरा, 'कितीला पडलं?' उभी नोकरी बँकेत गेल्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी पैशापर्यंत चोख देऊ शकतो. पहिल्याचं देताना मात्र हल्ली अडखळायला होतं. पाहिलेल्या स्थळांची यादी सांगून होते, समोरचा माणूस समाधानाने मान डोलावतो, आणि सांगण्यासारखं जे होतं ते सगळं आपल्याजवळच राहिलेलं असतं. सहल कशी पाहिलीत हे सगळे विचारतात, सहलीत राहिलात कसे हे कुणी विचारत नाही.

आमच्या पिढीच्या बँकवाल्यांच्या सहली बहुधा एलएफसीवर झाल्या. ब्लॉक संपायच्या आत रजा टाकायची, जितकं लांब जाता येईल तितकं जायचं, आणि तिकिटं जिवापाड सांभाळून परत आणायची. कन्याकुमारीला विवेकानंद शिलेवर उभा राहूनही खिशातली तिकिटं चाचपणारे सहकारी मी पाहिले आहेत. निवृत्तीनंतर हा व्याप संपला, आणि २०१९ च्या जानेवारीत पहिल्यांदाच स्वतःच्या पैशाने आम्ही सहाजण अंदमानला गेलो. मी, पत्नी, मुलगा, सून, दहा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. त्याच्या आठवडाभर आधीच हॅवलॉक बेटाचं नाव 'स्वराज द्वीप' झालं होतं. गाडीवाले अर्थातच हॅवलॉकच म्हणत होते. पोर्ट ब्लेअरचं 'श्री विजयपुरम' व्हायला २०२४ साल उजाडायचं होतं.

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलमध्ये. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधलेली ही इमारत. मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या. त्यांतल्या तीनच आज उभ्या आहेत. साडेतेरा फूट बाय सात फुटांच्या कोठड्या. सावरकरांच्या कोठडीपाशी रांग होती. प्रत्येक कुटुंब आत जात होतं, नमस्कार करत होतं, फोटो काढत होतं आणि बाहेर येत होतं. आम्हीही तेच केलं.

पण नातवाचं लक्ष कोठडीत नव्हतं. तो बाहेरच्या सज्जातून समोर बघत होता. त्याने विचारलं, "समोरच्या बिल्डिंगला दरवाजेच नाहीत का?" दरवाजे होते, ते पलीकडच्या बाजूला होते. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे येईल अशी ही रचना आहे. कैद्याने कैद्याला पाहू नये, खूण करू नये, बोलू नये, एवढ्यासाठी एका इंजिनियरने डोकं लढवलेलं. बाबाराव आणि तात्याराव हे दोन सख्खे भाऊ याच तुरुंगात होते, आणि एकमेकांशी बोलण्याची मोकळीक त्यांना नव्हती. कोलू, तेलाचं रोजचं माप, हातापायांतल्या बेड्या हे सगळं आपण शाळेपासून ऐकलेलं असतं. न बोलू देण्याची शिक्षा विटांमध्ये कशी बांधली होती, ते मला त्या पोराच्या प्रश्नामुळे दिसलं.

दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक. तिथल्या वस्त्यांची नावं राधानगर, गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेली ही गावं. राधानगरच्या किनाऱ्याला २००४ साली 'टाइम' साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा ठरवलं होतं. तो सुंदर आहे यात वाद नाही. त्याचे फोटो सर्वांनी पाहिलेले आहेत, तेव्हा मी वर्णन करत बसत नाही.

सांगायचं आहे ते सूर्यास्तानंतरचं. अंदमान जवळपास ९३ रेखांशावर आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. परिणाम असा की जानेवारीत तिथे सूर्य सव्वापाचच्या सुमाराला मावळतो. विषुववृत्ताच्या जवळपास संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. पावणेसहाला डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. मुंबई-पुण्यात त्या वेळी लोक चहाचं आधण ठेवत असतात.

त्यात फोन चालत नव्हते. म्हणजे बोलणं कसंबसं व्हायचं, इंटरनेट जवळजवळ नव्हतंच. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल तिथे सुरू झाली ती २०२० च्या ऑगस्टमध्ये. आम्ही गेलो तेव्हा सगळा कारभार उपग्रहाच्या भरवशावर होता. पहिल्या संध्याकाळी घरातली तरुण मंडळी फोन हातात उंच धरून झोपडीभोवती फिरत होती. वीज दोनदा गेली. सून म्हणाली, "आता जेवणापर्यंत करायचं काय?" जेवण आठला होतं. मनात मी हिशेब केला: सव्वादोन तास, सहा माणसं, एक कंदील आणि एक पत्त्यांचा जोड, तोही एक्का हरवलेला.

पत्ते अर्ध्या तासात संपले. मग नातीने तिच्या खेकड्याचा विषय काढला. दुपारी ओहोटीच्या वेळी ती तास-दीड तास एका खेकड्यामागे होती. रिकाम्या शंखात घर करून राहणारा हा प्राणी. अंगाचा मागचा भाग मऊ, म्हणून शंखाशिवाय त्याचं चालत नाही. आणि वाढला की जुना शंख अपुरा पडतो. नवा सापडला की नांग्या आत घालून तो आधी जागा नीट तपासतो, मग झटकन इकडून तिकडे. कधीकधी मोठ्या शंखापाशी लहानमोठे खेकडे जमतात. सर्वांत मोठा नव्या घरात गेला की त्याच्या घरात त्याच्याहून लहान, त्याच्या घरात आणखी लहान, अशी बदल्यांची साखळी होते. हे मी वाचलेलं होतं, ते सांगितलं. पत्नी म्हणाली, "अहो, हे तर तुमच्या बँकेचं झालं. मे महिना आला की एक क्वार्टर सोडतोय आणि दुसरा सामान घेऊन दारात."

सगळे हसले, आणि तिथून गाडी बदल्यांवर आली. मुलाने आमच्या एकेका घराचं वर्णन सुरू केलं. कुठल्या घरात नळ कुठे होता, कुठल्या घरमालकिणीच्या माजघरात हिंगाचा वास यायचा. पाच शाळांची नावं त्याने ओळीने सांगितली. पत्नी म्हणाली, लातूरच्या क्वार्टरमध्ये तिने लावलेला कढीपत्ता पुढच्या दोन मॅनेजरांच्या बायकांनी वापरला, आणि त्यातल्या एकीने तसं पत्राने कळवलंही होतं. हे पत्र मला ठाऊक नव्हतं. मला त्या काळातल्या शाखांच्या ठेवींचे आकडे अजून पाठ आहेत. ते कुणी विचारले नाहीत.

मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही. लाटांचा आवाज येत होता. मुलगा म्हणाला, "बाबा, ऑगस्टमध्ये मला प्रमोशन आलं होतं. चेन्नईला जावं लागणार होतं. मी नाही म्हटलं."

पाच महिने ही गोष्ट त्याने पोटात ठेवली होती. कारण उघड होतं. बढती नाकारलेला माणूस आमच्या घरात आजवर झाला नव्हता. मी आठ बदल्या घेतल्या, त्यातली एकही परतवली नाही. "हिची शाळा मोडायची नव्हती," तो म्हणाला. मी म्हटलं, "बरं." त्या वेळी माझा चेहरा कसा होता ते त्याला दिसलं नाही, त्याचा मला दिसला नाही. दिव्याखाली हा संवाद झाला असता तर आमच्यातल्या एकाने तरी वाद घातला असता. आजही मला विचाराल तर मी त्या आठही बदल्या पुन्हा घेईन. आणि त्याने चेन्नई नाकारली ते योग्यच केलं, असंही मी म्हणेन. दोन्ही खरं आहे.

यावर कुणी म्हणेल, बोलायला अंदमानला कशाला जायला हवं? घरचे दिवे मालवून बसा, विमानाचं भाडं वाचेल. हिशेब म्हणून हे बिनतोड आहे. पण घरी प्रत्येकाला जायला जागा असते. आपली खोली असते, तिला दार असतं, आणि नाही म्हटलं तरी कोपऱ्यावर वाण्याचं दुकान असतं. बेटावर रात्री उठून जाणार कुठे? भोवताली समुद्र. उठलेला माणूस दोन पावलं टाकून पुन्हा त्याच वर्तुळात येऊन बसतो.

पोर्ट ब्लेअरला परतल्यावर एक दिवस बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांचा होता. तिकडचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा जेमतेम काही शेकड्यांनी उरलेले. गाड्या ताफ्याने सोडतात. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, असा नियम. तो नियम किती पाळला जात होता ते २०१२ साली एका चित्रफितीने जगापुढे आणलं. खाण्याच्या आमिषाने जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावलं होतं. गाडीवाला आदल्या रात्री सहज म्हणाला, "नशीब असेल तर दिसतीलही." सून म्हणाली, "मग मी येत नाही." मुलगा म्हणाला, पैसे भरलेत, आणि आपण गुहा बघायला चाललोय. दोघांचं जुंपलं. नात म्हणाली, "आपण बघायला येतोय हे त्यांना विचारलंय का?" प्रश्न बिनतोड होता. भरलेले पैसे बुडाले. आकडा मला आठवतो, सांगत नाही. पहाटे तीनला उठायचं टळलं. दिवसभर आम्ही वाळूने भरलेले कपडे धुतले. माझं मत विचाराल तर त्या रस्त्याने पर्यटकांनी जाऊच नये. माणसं हे स्थळ नव्हे.

आता तिथे इंटरनेट उत्तम चालतं असं ऐकतो. बेटावरच्या लोकांना त्याची फार गरज होती. दवाखाना, शाळा, बँक सगळं त्यावर अडलेलं होतं, त्यामुळे मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. कुरकुर आहे ती आपल्या मराठी सहलवाल्यांच्या कार्यक्रमपत्रिकांबद्दल. परक्या मुलखात श्रीखंड-पुरी खाऊ घालतात त्याला माझी हरकत नाही, मी दोनदा वाढून घेतो. पण माणसाला एक तास मोकळा मिळाला तर तो पैसे परत मागेल, अशा धास्तीने ही मंडळी सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे सगळे रकाने भरून टाकतात.

गेल्या दिवाळीत मुलाचा एक मित्र बायकोमुलांना आणि म्हाताऱ्या वडिलांना घेऊन अंदमानला निघाला होता. कार्यक्रमाचा कागद त्याने मला दाखवायला आणला. हॅवलॉकच्या दोन्ही संध्याकाळी सहा ते आठसमोर तांबोला, अंताक्षरी आणि 'फन गेम्स' असं छापलेलं होतं. मी पेन्सिलीने दोन्ही ओळींवर काट मारली.

"काका, मग तेवढा वेळ करायचं काय?" त्याने विचारलं.

मी त्याला विचारलं, "वडील तुझ्याच झोपडीत राहणार आहेत ना?"